उष्ण हवेत मांजर स्वच्छ आणि ठणठणीत कसं ठेवावं

जागेपणीचा बराचसा वेळ मांजर स्वतःचं अंग चाटण्यात घालवतं. त्याच्या जिभेवरचे बारीक काटे केसांतली धूळ आणि गळलेले केस ओढून काढतात. त्यामुळे मांजर स्वच्छ ठेवायचं म्हणजे त्याला धरून साबण लावायचा, असा अर्थ नाही. आपल्या वाट्याला येतं ते भोवतालचं काम: ते ज्या फरशीवर लोळतं, ज्या अंथरुणावर झोपतं, ज्या भांड्यातून पाणी पितं आणि ज्या ट्रेमध्ये शी-शू करतं ते सगळं.

उष्ण हवेत या कामाला घाई येते, कारण उकाड्यात सगळंच लवकर होतं. ओलं अन्न बघता बघता आंबतं. पिसवांची नवी पिढी दोन-तीन आठवड्यांत तयार होते. उघड्या जखमेवर माशीने अंडी घातली तर एका दिवसाच्या आत अळ्या निघू शकतात. थंड हवेत जे काम आठवड्यातून एकदा करून भागतं, ते इथे रोज करावं लागतं. हा लेख त्या रोजच्या कामाबद्दल आहे.

आधी जागा, मग मांजर

मांजराच्या शरीराचं नेहमीचं तापमान साधारण ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. त्याला घाम येतो तो फक्त पंजाच्या तळव्यांना, आणि त्याने शरीर फारसं थंड होत नाही. उकडलं की मांजर जास्त चाटतं. केसांवरची लाळ वाळताना अंगातली उष्णता घेऊन जाते. आपल्याला पंख्याखाली गार वाटतं ते अंगावरच्या घामामुळे. मांजराचं अंग कोरडं असतं, म्हणून नुसत्या पंख्याचा त्याला आपल्याइतका उपयोग होत नाही. फार उकडत असेल तर हात पाण्यात बुडवून त्याच्या पाठीवरून, कानांवरून आणि पंजांवरून फिरवा आणि मग पंखा लावा. फरक लगेच दिसतो.

ऊन चढायच्या आधी खिडक्यांचे पडदे ओढून घ्या. घरातली सर्वांत थंड फरशी, बहुधा न्हाणीघराची किंवा सावलीच्या बाजूच्या खोलीची, मांजराला दिवसभर मोकळी ठेवा. मऊ गादीपेक्षा उघडी फरशी त्याला दुपारी जास्त आवडेल, तेव्हा गादीचा आग्रह धरू नका. काचेने बंद केलेली गॅलरी, पत्र्याखालची खोली आणि उभी गाडी, या ठिकाणी मांजराला थोडा वेळही कोंडू नका. बंद गाडी काही मिनिटांत जीवघेणी तापते.

उकाड्यात आपण खिडक्या उघड्या टाकतो, आणि मांजरं वरच्या मजल्यांवरून पडतात ती याच दिवसांत. डासांची साधी जाळी मांजराचं वजन पेलत नाही, नखांनी फाटतेही. खिडकीला घट्ट बसवलेली मजबूत जाळी हवी. आणखी एक सवय लावून घ्या: कपडे धुण्याचं किंवा वाळवण्याचं मशीन सुरू करण्याआधी आत हात घालून बघा. अंधाऱ्या, बंदिस्त जागा मांजरांना फार आवडतात.

खेळ पहाटे आणि संध्याकाळी घ्या. मांजराचा स्वभावच त्या वेळी जागा होण्याचा आहे. दुपारी ते निपचित पडून राहिलं तर त्याला उठवू नका.

पाणी

मांजराला दिवसाला, अन्नातलं पाणी धरून, दर किलो वजनामागे साधारण ४० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं. चार किलोच्या मांजराला सुमारे २०० मिलिलिटर. कोरड्या दाणेदार खाद्यात जेमतेम १० टक्के पाणी असतं, तर ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के. म्हणजे फक्त कोरडं खाणाऱ्या मांजराला जवळजवळ सगळं पाणी वेगळं प्यावं लागतं, आणि मांजराला मुळात तहानेची जाणीव कमी. माझं मत स्पष्ट आहे: उष्ण हवेत दिवसातलं निदान एक जेवण ओलं असावं.

पाण्याची भांडी एकापेक्षा जास्त, वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. शी-शूच्या ट्रेपासून ती लांब असावीत, शक्य तर जेवणाच्या ताटलीपासूनही. भांडं पसरट, स्टीलचं किंवा चिनी मातीचं घ्या. प्लास्टिकला ओरखडे पडतात, त्यांत जंतू राहतात आणि काही मांजरांच्या हनुवटीवर काळे ठिपके व पुळ्या येतात. भांड्याच्या तळाला बोट लावून बघा. बुळबुळीत लागलं तर नुसतं पाणी बदलून उपयोग नाही, भांडं घासायला हवं. उकाड्यात हा थर रोज धरतो, म्हणून घासणंही रोज.

दूध हे पाण्याला पर्याय नाही. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब लागले तर अंगातलं आहे ते पाणीही जातं.

मांजर पुरेसं पाणी पितंय का, हे ओळखायला त्याचा ओठ हलकेच वर करून हिरडीला बोट लावा. हिरडी ओलसर, गुळगुळीत हवी. बोट चिकटल्यासारखं वाटलं तर शरीरात पाणी कमी आहे.

जेवण

उन्हाळी दिवसांत मांजराची भूक थोडी मंदावते. एकदम भरपूर वाढण्याऐवजी थोडं थोडं, तीन-चार वेळा वाढा. मोठा वाटा सकाळी लवकर आणि रात्री. ओलं अन्न तासाभरात संपलं नाही तर उचलून टाका आणि ताटली लगेच धुवा. उरलेला डबा झाकून फ्रीजमध्ये ठेवा, पण वाढताना तसाच थंडगार वाढू नका. गार अन्नाला वास येत नाही आणि मांजर वासावर जेवतं.

कोरडं खाद्य हवाबंद ठेवा. जुन्या दाण्यांवर नवे ओतू नका, तळातले खवट झालेले दाणे सगळं बिघडवतात. मुंग्या लागत असतील तर ताटली पाण्याच्या उथळ परातीत ठेवा. मुंग्यांचा खडू किंवा पावडर मांजराच्या जेवणाजवळ कधीही नको. पाय त्यावर पडतात आणि पाय चाटले जातात.

भूक मंद असणं वेगळं आणि जेवण पूर्ण बंद होणं वेगळं. मांजराने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः जाड मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते निकामी होऊ शकतं. ‘उकाड्यामुळे खात नसेल’ म्हणून वाट बघण्यात हा धोका आहे.

विंचरणं

माझ्या मते सगळ्या देखभालीत सर्वांत जास्त मोबदला देणारं काम हेच. गळलेले केस फणीत आले की पोटात कमी जातात, केसांचे गोळे ओकून काढणं कमी होतं, घरात केस कमी उडतात आणि रोज हाताने सगळं अंग तपासून होतं. लांब केसांच्या मांजराला रोज विंचरा, आखूड केसांच्या मांजराला आठवड्यातून दोन-तीनदा. केस गळायच्या दिवसांत दोघांनाही रोज.

मांजर जेवून सुस्तावलेलं असताना, थंड वेळी बसा. आधी गाल आणि मान, म्हणजे जिथे त्याला आवडतं तिथून सुरुवात करा. मग पाठ, मग कुशी, शेवटी पोट. विंचरणं केसांच्या दिशेनेच. आधी रुंद दातांची फणी, मग बारीक. शेपटी आपटायला लागली की थांबा. पाच मिनिटांचं शांत विंचरणं अर्ध्या तासाच्या झटापटीपेक्षा चांगलं. पुढच्या वेळी मांजर पळणार नाही.

गुंता धरतो तो काखेत, कानामागे, पोटावर आणि मांड्यांच्या मागे. तिथे कात्री घालू नका. मांजराची कातडी अतिशय पातळ असते, गुंत्याबरोबर वर ओढली जाते आणि केस समजून कातडी कापली जाते. गुंत्याचं मूळ एका हाताने धरा, म्हणजे ताण कातडीवर येणार नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं बोटांनी सोडवत या. कातडीला चिकटलेली जट असेल तर ती पशुवैद्याकडून मशीनने काढून घ्या.

‘उकडतंय तर सगळे केसच काढून टाकू’ हा विचार प्रेमातून येतो, पण तो बहुतेकदा चुकीचा ठरतो. केस उन्हापासूनही बचाव करतात. भादरलेल्या कातडीला ऊन भाजतं. पांढऱ्या कानांच्या आणि पांढऱ्या नाकाच्या मांजरांना तर सततच्या उन्हाने त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. कानाच्या टोकांवर न भरणारी खपली दिसली तर दाखवून घ्या. लांब केसांच्या मांजराच्या मागच्या भागाचे केस स्वच्छतेसाठी आखूड ठेवायला मात्र हरकत नाही.

विंचरताना बोटांनी शोधा: गाठी, खपल्या, चावे, ओलसर चिकट जागा. मांजरांच्या भांडणातला चावा वरून टाचणीच्या टोकाएवढा दिसतो, पण आत पू धरतो. त्याला वास सुटला की माशा येतात. जखमेत अळ्या दिसल्या तर घरचे उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आंघोळ: शक्यतो नको

निरोगी, आखूड केसांच्या मांजराला आंघोळीची गरज बहुधा नसते. अंग मळलं तर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा आणि कोरडं करा. जुलाबाने मागचा भाग घाण झाला, केस तेलकट चिकट झाले, किंवा मांजर म्हातारं अथवा जाड असल्याने स्वतःला नीट चाटू शकत नसलं, तर आंघोळ घाला.

तेव्हा आधी विंचरून घ्या, कारण ओला गुंता आणखी आवळतो. टबात घसरू नये म्हणून तळाला टॉवेल अंथरा. कोमट पाणी मगने हळूहळू मानेपासून खाली सोडा. डोकं फक्त ओल्या फडक्याने पुसा, कानांत पाणी जाऊ देऊ नका. शाम्पू मांजरांसाठीचाच वापरा. माणसाच्या शाम्पूने त्यांची त्वचा कोरडी पडते, खाज सुटते. शाम्पूचा अंशही मागे राहू नये, कारण जे राहील ते मांजर चाटून पोटात घेणार. दमट हवेत टॉवेलने टिपून झाल्यावरही आतले केस ओले राहतात, तेव्हा मुळापर्यंत बोटं घालून बघा. ओली राहिलेली कातडी बुरशीला आमंत्रण देते.

अंगावर रंग, रॉकेल किंवा इंजिन ऑइल सांडलं असेल तर मांजराला चाटू न देणं हे पहिलं काम. टॉवेलात गुंडाळा आणि डॉक्टरांना फोन करून पुढचं विचारा.

पिसवा

इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं, कारण बहुतेक लोक पिसवांशी चुकीच्या जागी लढतात. मांजराच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा हा एकूण संख्येचा अगदी छोटा भाग असतो, साधारण ५ टक्के. बाकी सगळ्या अंडी, अळ्या आणि कोषांच्या रूपात घरात असतात: अंथरुणात, सतरंजीत, फरशीच्या फटींत, सोफ्याच्या शिवणीत. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते आणि ती अंडी मीठ सांडावं तशी मांजर जाईल तिथे गळत जातात. उबदार, दमट हवेत हे चक्र दोन-तीन आठवड्यांत पुरं होतं. कडक ऊन आणि कोरडी हवा मात्र अळ्यांना सोसत नाही.

पिसवा आहेत का हे बघायला मांजर पांढऱ्या कापडावर उभं करून बारीक फणीने कंबरेपाशी, शेपटीच्या मुळाशी विंचरा. काळे कण पडले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. भोवती तांबूस तपकिरी डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू दिसली नाही तरी पिसवा आहेत असं समजा, कारण चाटताना मांजर त्या गिळून टाकतं. गिळलेल्या पिसवेतून पट्टकृमी होतो; गुदद्वारापाशी तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर तो तोच.

उपाय दोन्ही आघाड्यांवर आणि एकाच वेळी हवा.

मांजरासाठी पशुवैद्याने वजन बघून दिलेलं औषध, उदाहरणार्थ फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनचे थेंब, वापरा. मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे केस बाजूला करून थेट कातडीवर सोडा. घरात मांजरं किंवा कुत्री जास्त असतील तर सगळ्यांना त्यांचं त्यांचं औषध त्याच दिवशी.

कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. मांजराचं यकृत ते मोडू शकत नाही. थरथर सुटते, झटके येतात, जीव जातो. हे नुकतंच लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपणंही मांजराला धोक्याचं आहे. घरात तो कुत्रा असेल तर औषध वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. टी ट्री तेलासारखी सुगंधी तेलंही तशीच विषारी. ‘नैसर्गिक’ हा शब्द बघून फसू नका.

घरासाठी: अंथरूण आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा आणि कडक उन्हात वाळवा. व्हॅक्यूम क्लीनर फटींत, सोफ्याखाली, पलंगाखाली रोज फिरवा आणि पिशवी घराबाहेर रिकामी करा. औषध लावल्यावरही काही आठवडे नव्या पिसवा दिसतील. कोषातली पिसू आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने, दडून राहते आणि पावलांच्या कंपनाने, अंगाच्या उबेने बाहेर येते. औषध लागू पडलं नाही असं समजून मधेच सोडू नका. निदान तीन महिने सलग चालू ठेवा. उष्ण प्रदेशात पिसवांना सुट्टीचा ऋतू नसतो, म्हणून बरेच डॉक्टर वर्षभर औषध द्यायला सांगतात.

लहान पिल्लांच्या बाबतीत जास्त जपा. खूप पिसवा झाल्या तर पिल्लाचं रक्त कमी होऊन हिरड्या पांढुरक्या पडतात आणि ते दगावू शकतं. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना चालणारी औषधं फार थोडी आहेत. डॉक्टरांना विचारेपर्यंत बारीक फणीने पिसवा काढून साबणाच्या पाण्यात बुडवा.

गोचीड दिसली तर चिमट्याने अगदी कातडीलगत पकडून सरळ वर ओढा. पिरगाळू नका, तेल लावू नका, चटका देऊ नका. डासांमुळे मांजरालाही हृदयातला जंत होऊ शकतो. त्यावर खात्रीचा इलाज मांजरात नाही, प्रतिबंध मात्र आहे. तुमच्या भागात तो आहे का, हे डॉक्टरांना विचारा. दमट दिवसांत गोल, केस गेलेले, खवले धरलेले चट्टे दिसले तर तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो. तो घरातल्या माणसांनाही लागतो.

शी-शूचा ट्रे

ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असावा. विष्ठा आणि लघवीने घट्ट झालेले वाळूचे गोळे दिवसातून दोनदा काढा. यात वासापलीकडेही एक कारण आहे: टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी विष्ठेतून बाहेर पडल्यावर लगेच संसर्गक्षम नसतात, त्यांना एक ते पाच दिवस लागतात. रोज काढलेली विष्ठा त्यामुळे फारशी धोक्याची ठरत नाही. तरी गरोदर स्त्रीने हे काम दुसऱ्यावर सोपवावं.

झाकणाचा ट्रे उकाड्यात टाळा. आत अमोनिया कोंडतो, मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, आणि मग ते कोपऱ्यात शू करायला लागतं. ट्रे आठवड्याला पूर्ण रिकामा करून गरम पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा. फिनेल नको, ना ट्रेला ना फरशीला. फिनॉलची संयुगं मांजराचं यकृत बाहेर टाकू शकत नाही आणि ओल्या फरशीवरून चालून ती पायांना लागतात. लघवीवर ब्लीचही ओतू नका, त्यातून घातक वाफ निघते.

गोळे काढताना त्यांची संख्या आणि आकार लक्षात ठेवा. लघवीचे गोळे अचानक जास्त झाले तर मूत्रपिंडाच्या आजाराची किंवा मधुमेहाची शंका घ्यायला हवी. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबही पडत नाही, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबला आहे. सकाळची वाट बघू नका. दोन-तीन दिवसांत बोका दगावतो, कधी त्याहून लवकर.

कान, दात, नखं

कान आठवड्याला फक्त बघा. आतून फिकट गुलाबी असेल तर हात लावू नका. कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ आणि सततची खाज म्हणजे बहुधा कानातले माइट, म्हणजे अगदी बारीक किडे. औषध डॉक्टर देतील, कापसाची काडी आत घालू नका. दात मांजरांच्या टूथपेस्टने रोज घासता आले तर उत्तम. माणसाची पेस्ट नको, कारण मांजर ती गिळतं. नखांचं फक्त पांढरं टोक दोन-तीन आठवड्यांनी कापा, आतली गुलाबी शीर सोडून. म्हाताऱ्या मांजराचं नख वळून तळव्यात रुतू शकतं, तिथे विशेष लक्ष द्या.

घरातली विषं

पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. तापलंय असं वाटलं तरी माणसाचं कोणतंही औषध देऊ नका. डांबरगोळ्या कपाटात बंद ठेवा. लिली जातीची फुलं घरातच आणू नका. त्यांचे पराग किंवा फुलदाणीतलं पाणीही मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं.

लस, जंत, ऑपरेशन

पिल्लांच्या लशी सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होतात आणि दर तीन-चार आठवड्यांनी, किमान १६ आठवड्यांचं होईपर्यंत दिल्या जातात. रेबीजची लस वेगळी, साधारण १२ आठवड्यांनंतर. घरातून बाहेर न पडणाऱ्या मांजरालाही लस लागते, विषाणू चपलांवरून घरात येऊ शकतात. जंतांचं औषध वजनाप्रमाणे डॉक्टर ठरवतील. उष्ण भागात मांजरी जवळजवळ वर्षभर माजावर येतात आणि चार-पाच महिन्यांची भाटीही गाभण राहू शकते, म्हणून पाच महिन्यांच्या सुमारास निर्बीजीकरण करून घ्या. बोक्याचं भटकणं, भांडणं आणि त्यातून होणारे चावेही त्याने खूप कमी होतात.

उष्माघात झाला तर

तोंड उघडून धापा टाकणं कुत्र्यात नेहमीचं असतं, मांजरात नाही. धापा, लाळ गळणं, लालभडक हिरड्या, झोकांड्या, उलटी किंवा निपचित पडणं दिसलं तर वेळ घालवू नका. चपट्या तोंडाची, जाड, म्हातारी मांजरं आणि पिल्लं यांना हा धोका जास्त.

मांजराला सावलीत, थंड फरशीवर ठेवा. साध्या गार पाण्याने अंग, पोट, पंजे भिजवा आणि पंखा लावा. बर्फ किंवा बर्फाचं पाणी नको. त्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते. शुद्धीवर असेल तर पाणी समोर ठेवा, तोंडात ओतू नका. तापमान मोजता आलं तर ३९.५ च्या आसपास आल्यावर भिजवणं थांबवा, नाहीतर ते खाली घसरतच जातं. मांजर सावरलेलं दिसलं तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. मूत्रपिंडांना, मेंदूला झालेली इजा कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते.

नेताना पिंजरा हवेशीर असू द्या, तळाला ओला टॉवेल अंथरा आणि गाडी आधी थंड करून मगच मांजर आत ठेवा. निघताना दवाखान्यात फोन करा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत त्यांची तयारी होईल.